भुईचा ताप आणि आकाशातला थर्मामीटर

२६ जानेवारी २००१, सकाळचे ८ वाजून ४६ मिनिटं. कच्छमध्ये झेंडावंदनाची गडबड चालू होती, आणि भचाऊजवळच्या चोबारी गावाच्या परिसरात, जमिनीखाली वीसेक किलोमीटरवर खडक सरकला. ७.७ तीव्रतेचा तो भूकंप मुंबई-पुण्यातही जाणवला.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी शास्त्रीय नियतकालिकांत एक दावा छापून आला आणि बऱ्याच जणांच्या भुवया उंचावल्या. भूकंपाच्या आधीच कच्छच्या भुईला ताप भरला होता! दिमितार उझुनॉव्ह आणि फ्रीडमान फ्रॉइंड या दोघांनी ‘नासा’च्या टेरा उपग्रहाची मापं तपासली आणि सांगितलं, भूकंपाच्या पाच दिवस आधी, २१ जानेवारीला, त्या भागातली जमीन सुमारे ४ अंशांनी जास्त तापलेली दिसते. रुरकीच्या आयआयटीतले अरुण सराफ आणि स्वप्नमिता चौधुरी यांनी ‘नोआ’ या अमेरिकी संस्थेचे हवामान-उपग्रह धुंडाळले. त्यांना दिसलेली वाढ ५ ते ७ अंशांपर्यंतची होती.

म्हणजे आधी ताप, मग थंडी वाजून हुडहुडी? मलेरियाच्या उलट क्रम, पण चालेल. प्रश्न एवढाच, की रोग्याच्या काखेत थर्मामीटर न लावता, सातशे किलोमीटरवरून त्याचा ताप कळतो तरी कसा?

तांबड्याच्या पलीकडे

याचं श्रेय एका वादकाला. विल्यम हर्शेल हा मूळचा संगीतकार, नंतर खगोलवेडा झाला आणि १७८१ मध्ये त्याने युरेनस शोधला. १८०० साली त्याने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि प्रत्येक रंगात थर्मामीटर धरून पाहिला. तांबड्या पट्ट्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथे पारा सगळ्यात वर चढला. हा अवरक्त प्रकाश. तापलेली प्रत्येक वस्तू तो बाहेर टाकत असते आणि आपण ज्याला गार म्हणतो त्या वस्तूही त्याला अपवाद नाहीत. तुम्ही, तुमची मांजर, अंगणातली फरशी, सगळेच १० मायक्रॉनच्या आसपास ‘उजळत’ असता.

नशीब असं, की नेमक्या ८ ते १३ मायक्रॉनच्या पट्ट्यात आपलं वातावरण बऱ्यापैकी पारदर्शक आहे. त्या खिडकीतून उपग्रह डोकावतो. टेरावरचं मोडिस नावाचं उपकरण ११ आणि १२ मायक्रॉन अशा दोन शेजारच्या लहरींत एकाच जागेकडे बघतं. हवेतली वाफ या दोन लहरींना थोडी वेगवेगळी अडवते, त्या फरकावरून वाफेचा घोटाळा वजा करता येतो. उरतं ते जमिनीचं तापमान, आणि तेही साधारण एका अंशाच्या आत-बाहेर. टेरा ७०५ किलोमीटरवरून फिरतो आणि एका फेरीत २,३३० किलोमीटर रुंदीचा पट्टा टिपतो. म्हणजे मुंबईपासून कोलकात्यापर्यंतचा मुलूख एका झाडूत.

ही विद्या निसर्गात आधीपासून आहे. सह्याद्रीतला चापडा हा साप डोळा आणि नाकपुडी यांच्यामधल्या खळग्याने उंदराच्या अंगाची ऊब काळोखात ओळखतो. त्याचा पल्ला मात्र जेमतेम हातभर.

गरम झऱ्याचं कुंड दिसेल का?

दिसणार नाही! कोकणात तुरळ, राजवाडी, उन्हवरे असे गरम पाण्याचे झरे आहेत. वाटतं, उपग्रहाला ते निखाऱ्यांसारखे दिसत असतील. हिशेब करून पाहा. पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद कुंड म्हणजे २५ चौरस मीटर. मोडिसचा एक ठिपका म्हणजे एक चौरस किलोमीटर, म्हणजेच दहा लाख चौरस मीटर. कुंडातलं पाणी आजूबाजूपेक्षा ३० अंशांनी गरम असलं, तरी ठिपक्याच्या सरासरीत भर पडते एका अंशाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. लँडसॅट-८ चा औष्णिक ठिपका १०० मीटरचा आहे, तिथेही भर जेमतेम ०.०७५ अंश. शिवाय तो उपग्रह त्याच जागी परत येतो १६ दिवसांनी.

हे ध्यानात ठेवायचं कारण असं, की भूकंपाआधीचा ताप म्हणून जे दाखवलं जातं ते शेकडो किलोमीटर पसरलेलं असतं. एखाद्या भेगेतून वाफ निघाली एवढ्याने ते होणार नाही. अख्खा तालुका, अख्खा जिल्हा गरम व्हावा लागतो.

कातडीचं तापमान

बातम्यांत ‘आज अकोल्यात ४५ अंश’ म्हणतात ते हवेचं तापमान असतं. लाकडी पेटीत, सावलीत, जमिनीपासून सव्वा मीटरभर वर टांगलेल्या थर्मामीटरचं. उपग्रह मोजतो तो भुईच्या कातडीचा चटका. मे महिन्यात अनवाणी अंगणात उतरलेल्या कोणालाही हा फरक शिकवावा लागत नाही. इराणच्या लूत वाळवंटात २००५ साली उपग्रहाने ७०.७ अंशांची कातडी नोंदवली होती. तिथे भूकंपाचा काही संबंध नव्हता, नुसतं ऊन होतं.

आणि हीच कातडी फार लहरी असते. ढग आला, उतरली. वारा पडला, चढली. काल पाऊस झाला होता, आज नाही, म्हणून चढली. पांढऱ्या मिठाच्या शेजारी काळा चिखल असला की दोन पावलांवर दोन तापमानं. कच्छच्या रणात दुसरं असतं काय?

एकदम सोव्हिएत गोष्ट

भुजच्या, म्हणजे कच्छच्या भूकंपाचा ताप शोधणारे हे पहिले नव्हेत. १९८८ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ गोर्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य आशियाची उपग्रहचित्रं चाळली. उझबेकिस्तानात गाझलीला १९८४ साली मोठा भूकंप झाला होता, त्याच्या सुमाराला तिथल्या मोठ्या भेगांच्या ओळीने जमीन तापलेली दिसते असं त्यांनी मांडलं. मग चीनमध्ये च्यांग झुची यांनी हा धागा उचलला. इटलीत व्हालेरियो त्रामुतोली यांच्या गटाने ‘सामान्य दिवशी किती तापतं’ याचा वर्षानुवर्षांचा पाया आधी घालायचा आणि मगच ताप ठरवायचा, अशी शिस्त आणली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात शहाणी कल्पना हीच. एखाद्याचं अंग मुळातच गरम असतं, हे घरच्यांना माहीत असतं. पाहुण्या डॉक्टरला नसतं.

सव्वा कोटी वर्षं थांबा

आता खरी अडचण. खडक ही उष्णतेच्या बाबतीत अत्यंत आळशी चीज आहे. दिवसाचं ऊन काही वीतभर खाली जातं आणि रात्री परत फिरतं. उन्हाळा आणि हिवाळा काही मीटरपर्यंत पोचतात, त्याखाली त्यांना कोणी विचारत नाही. खोल विहिरीचं पाणी थंडीत कोमट आणि वैशाखात गार लागतं ते यामुळेच. अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट लागतो. त्या दराने वीस किलोमीटर खाली निर्माण झालेली ऊब अंगणापर्यंत यायला लागतील सुमारे सव्वा कोटी वर्षं.

तेव्हा खालचा खडक घासून तापला आणि ती धग वर आली, हे स्पष्टीकरण पहिल्याच फेरीत बाद. ताप मानायचाच असेल तर दुसरा वाटाड्या हवा. दोन मुख्य उमेदवार आहेत.

पहिला, वायू. ताण वाढला की बारीक भेगा उघडतात, त्यांतून कार्बन डायऑक्साइड, मिथेन, रेडॉन निसटतात. सर्गेई पुलिनेत्स आणि उझुनॉव्ह यांचं म्हणणं असं, की किरणोत्सारी रेडॉन हवेत विद्युतभारित कण तयार करतो, त्यांच्याभोवती वाफ गोळा होते आणि वाफ गोळा होताना उष्णता सोडते. म्हणजे तापते ती भुई नव्हे, भुईवरची हवा. तर्क सुबक आहे. पण इतकी वाफ गोळा व्हायला इतका रेडॉन लागतो, की तो जमिनीवरच्या उपकरणांना ठळक दिसायला हवा.

दुसरा उमेदवार फ्रॉइंड यांचा, आणि हा जरा नाटकी आहे. खडकातल्या खनिजांत ऑक्सिजनच्या काही जोड्या अवघडून बसलेल्या असतात. दाब वाढला की त्या मोडतात आणि धन विद्युतभार मोकळे सुटतात. ते कोरड्या खडकातून लांबवर धावतात, पृष्ठभागावर येऊन पुन्हा जोड्या जुळवतात आणि त्या लग्नाची उष्णता अवरक्त प्रकाशात बाहेर पडते. प्रयोगशाळेत ग्रॅनाइटच्या लादीच्या एका टोकाला दाब दिला की दुसऱ्या टोकाकडे वीज वाहताना फ्रॉइंड यांनी दाखवलीही आहे. मात्र प्रयोगशाळेतली लादी कोरडी आणि एकसंध. पृथ्वीच्या पोटातला खडक पाण्याने भिजलेला, ठिकठिकाणी चिरफाळलेला. तिथे हे भार दहा-वीस किलोमीटरचा प्रवास धड करतील का, यावर अनेक भूभौतिकतज्ज्ञ मान हलवतात, आणि होकारार्थी नव्हे.

पण वायू निघतो हे नक्की

२४ सप्टेंबर २०१३ रोजी बलुचिस्तानात अवारान भागात ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यानंतर तिथून शेकडो किलोमीटरवर, ग्वादरच्या किनाऱ्यासमोर समुद्रातून एक बेट वर आलं. चिखल, वाळू आणि दगडांचं. लोक होड्यांतून बघायला गेले, बेटातून बुडबुड्यांसारखा वायू निघत होता आणि काडी लावली तर पेटत होता. नाव पडलं झलझला कोह, म्हणजे भूकंपाचा डोंगर. उपग्रहांनी त्याची छायाचित्रं दोनच दिवसांत घेतली. तीनेक वर्षांत लाटांनी ते धुऊन नेलं. एवढं बेट उभं करणारा वायू होता, पण तो भूकंपानंतर आला, आधी नाही.

चोर सोडून संन्याशाला

भुजच्या तापाचं पुढे काय झालं? २०११ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजातल्या मॅथ्यू ब्लॅकेट, मार्टिन वूस्टर आणि ब्रूस मलामुड यांनी ‘जिओफिजिकल रिसर्च लेटर्स’मध्ये सगळी मोडिसची मापं नव्याने सोडवून दाखवली. आधीच्यांनी ताप शोधायला वापरलेल्या पद्धती त्यांनीही वापरल्या. निष्कर्ष: भूकंपाच्या नावावर खात्रीने टाकता येईल अशी एकही विसंगती नाही. जो ताप दिसत होता त्यामागे होते ढगांमुळे पडलेले मापांतले खड्डे आणि शेजारशेजारच्या फेऱ्यांतले तुकडे जोडून केलेली चित्रं.

ढग हा औष्णिक उपग्रहाचा जन्माचा वैरी. अवरक्त किरण ढगातून पार होत नाहीत, मग उपग्रहाला दिसतो तो ढगाचा गारठलेला माथा. म्हणून ढगाळ ठिपके काढून टाकतात. इथेच पाणी मुरतं. समजा, वर्गाची सरासरी काढायची आहे आणि त्या दिवशी नेमकी पहिल्या बाकावरची हुशार मुलं गैरहजर आहेत. वर्गाची सरासरी घसरते आणि एरवी पन्नास टक्क्यांत रमणारा बंड्या एकदम चमकायला लागतो. बंड्याने काहीच केलेलं नसतं. त्याचप्रमाणे चित्रातला एरवी गरम असणारा भाग ढगाने झाकला गेला की उरलेल्या भागाची सरासरी खाली येते, आणि साध्याच जमिनीचा तुकडा ‘विलक्षण तापलेला’ ठरतो. गंमत म्हणजे हा धोका खुद्द त्रामुतोली यांच्या गटानेच ओळखला होता आणि त्यापासून सावध राहायचे नियमही घातले होते.

म्हणून भुजचा ताप आता ‘होता’ आणि ‘नव्हता’ या दोन गटांत वाटला गेला आहे. मी दुसऱ्या गटाकडे झुकतो, हे वाचकाच्या लक्षात आलं असेलच.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला

जगात ५ किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे भूकंप वर्षाला साधारण दीड हजार होतात. रोजचे चार! आता कोणीही म्हणालं, ‘आशियात या पंधरवड्यात भूकंप होईल’, तर त्याला चुकायला फार कष्ट पडतील. म्हणूनच भाकितात तीन गोष्टी लागतात: कधी, कुठे, किती मोठा. तिन्ही आधी लिहून द्यायच्या. औष्णिक अभ्यासांची मोठी रांग मात्र वरातीमागून घोडं या जातीची आहे. भूकंप माहीत असतो, मग मागे जाऊन जुनी चित्रं उघडतात. भूकंप झाला नाही अशा किती दिवशी जमीन तशीच तापली होती, हे मोजणारे थोडे.

लोकांच्या मनातलं ‘भूकंपाचं हवामान’ हेही याच फांदीवरचं. ॲरिस्टॉटलला वाटे, जमिनीत कोंडलेला वारा भूकंप घडवतो. आपल्याकडे वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूकंपाच्या लक्षणांवर अख्खा अध्याय आहे. आणि अजूनही, हवा कुंद झाली, पान हलेना की कोणी तरी काका म्हणतातच, ‘आज भूकंप होणार बघ.’ महाराष्ट्राच्या आठवणीतले तीन भूकंप मांडून बघा. कोयना, ११ डिसेंबर १९६७, थंडीतली पहाट. किल्लारी, ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीची रात्र सरता सरता, पावसाळ्याची अखेर. भुज, जानेवारीतली स्वच्छ सकाळ. ऋतूंचा मेळ बसवून दाखवावाच कोणी तरी. किल्लारीला खरा इशारा मिळाला होता तो वेगळाच: १९९२ मध्ये तिथे लहान धक्के बसत होते, लोक घाबरून तक्रारी करत होते.

चीनमधल्या हायचेंगची गोष्टही अशीच. ४ फेब्रुवारी १९७५ च्या भूकंपाआधी तिथे लोकांना घराबाहेर काढण्यात आलं होतं. कडाक्याच्या थंडीत साप बिळांतून बाहेर आले, हे सगळ्यांच्या लक्षात राहिलं. भुईला ऊब आली असेल का, असे तर्कही त्यावरून लढवले गेले. पण लोकांना हलवायला कामी आली ती आधीच्या लहान धक्क्यांची माळ. पुढच्याच वर्षी, २८ जुलै १९७६ ला, तांगशान कोणत्याही इशाऱ्याशिवाय उद्ध्वस्त झालं. अधिकृत आकडा २ लाख ४२ हजार मृतांचा आहे.

नंतरचं चित्र मात्र चोख

भूकंपानंतर जमिनीचं तापमान बदलतं, यात वादच नाही. भुजच्या धक्क्याने रणातली पाण्याने भरलेली वाळू इतकी घुसळली गेली, की खालचं पाणी कारंज्यांसारखं वर आलं आणि कोरड्या रणात ठिकठिकाणी तळी साचली. उपग्रहांनी ती आकाशातून टिपली. ओली जमीन दिवसा गार राहते, रात्री ऊब धरते. त्यामुळे औष्णिक चित्रात तिचा रंग पालटतो. डोंगराळ भागात दरडी कोसळून झाडी निघून गेली की उघडा मुरूम दुपारी शेजारच्या जंगलापेक्षा तापतो. याला गूढ काही लागत नाही.

दिवे विझणंही आकाशातून दिसतं. ६ फेब्रुवारी २०२३ ला तुर्कस्तान-सीरियात ७.८ आणि ७.५ असे दोन धक्के बसले. रात्रीचा उजेड मोजणाऱ्या उपग्रहांच्या चित्रांत तिथल्या शहरांचे दिवे मंदावलेले दिसले.

जमीन किती सरकली हे मोजायला तर उपग्रहासारखा शिंपी नाही. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लँडर्सच्या भूकंपानंतर रडारची दोन चित्रं एकमेकांवर ठेवून भुईच्या सरकण्याचा नकाशा काढला गेला आणि पुढच्या वर्षी तो ‘नेचर’मध्ये झळकला. रडारला ढग आणि अंधार दोन्ही चालतात. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून उडालेला ‘निसार’, इस्रो आणि नासाचा जोडउपग्रह, हेच काम १२ मीटरच्या जाळीदार छत्रीने करतो. दर १२ दिवसांनी तो त्याच जागेवर परततो.

आणि थर्मामीटरवाल्यांसाठी इस्रो आणि फ्रान्सची अंतराळसंस्था मिळून एक उपग्रह बनवत आहेत. त्याचं मुख्य काम पिकांना पाणी कमी पडतंय का हे शेताच्या तापमानावरून ओळखणं. नाव ठेवलंय ‘तृष्णा’. नावं ठेवणाऱ्यांत कोणी तरी रसिक असणार!

०.३१

राहिला एक प्रश्न. घासून खडक तापतो, हे तरी खरं ना? खरं. जुन्या भेगांच्या कडेला काळ्या काचेसारख्या शिरा सापडतात, त्या भूकंपाच्या घर्षणाने क्षणभर वितळलेल्या खडकाच्या. पण ताज्या भूकंपाचा ताप तिथे जाऊन मोजायचं धाडस जपानमध्ये झालं.

११ मार्च २०११ च्या तोहोकू भूकंपात समुद्रतळाखालची भेग सुमारे ५० मीटर सरकली, एवढं सरकणं याआधी कधी मोजलं गेलं नव्हतं. पुढच्या वर्षी ‘चिक्यू’ हे खोदकामाचं जहाज तिथे गेलं. पाणीच सुमारे ६,९०० मीटर खोल. त्याखाली समुद्रतळात आठशेहून अधिक मीटर भोक पाडलं, भेगेतून आरपार, आणि त्यात ५५ थर्मामीटरांची माळ सोडली. ती नऊ महिने तिथेच ठेवली आणि २०१३ च्या एप्रिलमध्ये यंत्रमानवाच्या हातांनी वर काढली.

कच्छच्या रणावर शेकडो किलोमीटरवरून चार, पाच, सात अंश मोजले गेले होते. इथे थर्मामीटर थेट रोग्याच्या जखमेत होते. भूकंपाला दीड वर्ष होत आलं तरी भेगेतली धग शिल्लक होती, आणि माळेतल्या नोंदींत ती स्वच्छ उमटली होती: आजूबाजूपेक्षा ०.३१ अंश जास्त.